इराणने भारतीयांची व्हिसामाफी का थांबवली? ‘व्हिसा फ्री’ या दोन शब्दांत नेमकं काय फ्री असतं?

२२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने भारतीयांसाठीची व्हिसामाफी थांबवली. साधा पासपोर्ट असलेल्या भारतीयाला इराणमध्ये जायचं असेल, किंवा इराणमार्गे तिसऱ्याच देशात जायचं असेल, तरी त्या तारखेपासून आधी व्हिसा काढणं बंधनकारक झालं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच्या पाच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, याबाबतची सूचना प्रसिद्ध केली आणि त्यात कारणही सांगितलं. नोकरीचं किंवा तिसऱ्या देशात पाठवण्याचं आमिष दाखवून भारतीयांना इराणला नेलं जात होतं. व्हिसा लागत नाही या सवलतीचा फायदा घेऊन त्यांना तिथे उतरवलं जात होतं आणि उतरल्यावर त्यातल्या अनेकांचं खंडणीसाठी अपहरण होत होतं.

ही सवलत ४ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली तेव्हा ‘इराणला जा, व्हिसा नको’ अशा पोस्ट भराभर फिरल्या होत्या. मूळ सूचनेत मात्र चार अटी होत्या. प्रवास फक्त पर्यटनासाठी असावा. विमानानेच यावं. सहा महिन्यांतून एकदाच यावं. जास्तीत जास्त १५ दिवस राहावं, मुदत वाढवून मिळणार नाही. पोस्टमध्ये यातलं काहीच नव्हतं. एजंटांनी ग्राहकांना सांगताना तर पहिलीच अट गाळून टाकली.

मे २०२५ मध्ये पंजाबातले तीन तरुण तेहरानला उतरले आणि बेपत्ता झाले. त्यांना ऑस्ट्रेलियाला पोहोचवतो असं सांगण्यात आलं होतं. भारतातून ऑस्ट्रेलियाला जायला पश्चिमेकडचं इराण का लागावं, हा प्रश्न नकाशा उघडला की लगेच पडतो. पण ज्याने लाखो रुपये आधीच मोजलेत, तो नकाशा उघडत नाही, त्याला एजंटवर विश्वास ठेवायचा असतो. कुटुंबीयांकडे खंडणी मागितली गेली, दूतावासाने पाठपुरावा केला आणि जूनच्या सुरुवातीला तेहरान पोलिसांनी तिघांची सुटका केली.

आता या निर्णयाचा फटका कुणाला बसला, तेही बघा. अपहरण करणाऱ्या टोळ्या दुसरा देश शोधतील. अडचण झाली ती इस्फहान आणि शिराज बघायला निघालेल्या पर्यटकांची, आणि मशहद व कोमच्या जियारतीला जाणाऱ्या भाविकांची. मुंबईतल्या डोंगरीपासून मुंब्र्यापर्यंत अशी कितीतरी कुटुंबं आहेत.

दोन प्रश्न, जे आपण एकच समजतो

व्हिसाबद्दल बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली गोष्ट म्हणजे देशात शिरायची परवानगी कशी मिळते. दुसरी म्हणजे शिरल्यावर तिथे काय करायला परवानगी आहे.

‘व्हिसा फ्री’, ‘व्हिसा ऑन अरायव्हल’, ‘ई-व्हिसा’ हे शब्द पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. ‘टुरिस्ट’, ‘स्टुडंट’, ‘वर्क’, ‘बिझनेस’, ‘ट्रान्झिट’ हे दुसऱ्या प्रश्नाचं. फसवणुकीचा सगळा धंदा या दोहोंच्या मधल्या फटीत चालतो. कारण जवळपास सगळीकडे दार सहज उघडतं ते पर्यटकासाठी. एखाद्या देशाने ‘या, व्हिसा नको’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘या, फिरा, पैसे खर्च करा आणि परत जा’ एवढाच असतो. तिथे पगार घेऊन काम करायचं असेल तर वेगळी परवानगी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी निघण्याआधी काढावी लागते.

पहिल्या प्रश्नाचे प्रकार थोडक्यात बघू. व्हिसा फ्री म्हणजे आधी काहीही न काढता विमानतळावर उतरायचं आणि पासपोर्टवर शिक्का घ्यायचा. ऑन अरायव्हल म्हणजे व्हिसा लागतोच, पण तो उतरल्यावर काउंटरवर पैसे भरून मिळतो. ई-व्हिसा घरबसल्या अर्ज करून ईमेलवर येतो. भारतानेही २०१४ च्या नोव्हेंबरपासून परदेशी पर्यटकांसाठी हीच सोय सुरू केली. आणि स्टिकर व्हिसा म्हणजे आपल्या ओळखीचा जुना प्रकार: अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, बोटांचे ठसे, पासपोर्ट जमा करून वाट बघणं.

यातही शब्दांचे खेळ आहेत. केनियाने जानेवारी २०२४ पासून सगळ्या जगासाठी व्हिसा रद्द केला अशी मोठी बातमी झाली होती. व्हिसा गेला खरा, पण त्याच्या जागी ‘ईटीए’ नावाची ऑनलाइन परवानगी आली. तिच्यासाठी प्रवासाआधी अर्ज करायचा आणि ३० डॉलर भरायचे. काही देशांच्या प्रवाशांना पूर्वी काहीच लागत नव्हतं, त्यांना उलट हे नवीन काम लागलं. पासपोर्टच्या ताकदीची जी क्रमवारी दरवर्षी व्हायरल होते, त्यातल्या हेन्ली यादीत ऑन अरायव्हल आणि ईटीए लागणारे देशही ‘व्हिसा फ्री’च्याच खात्यात मोजले जातात. त्यामुळे ‘भारतीय पासपोर्टवर इतक्या देशांत थेट प्रवेश’ असं वाचलं की त्या आकड्यात काय काय मिसळलंय हे बघावं.

थायलंडचं दार आणि म्यानमारची कोठडी

इराणची गोष्ट पहिल्यांदा घडली असं नाही. याच पद्धतीने याहून कितीतरी जास्त लोक अडकले ते आग्नेय आशियात.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवस केली. फुकेत आणि क्राबीला जाणाऱ्यांची चंगळ झाली. त्याच विमानांत ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल सेल्स’, ‘कस्टमर सपोर्ट’ अशा नोकऱ्यांसाठी निघालेली मुलंही होती. जाहिरात टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर, मुलाखत व्हिडिओ कॉलवर आणि तिकीट ‘कंपनी’च्या खर्चाने. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहरात न जाता पश्चिमेला माए सोत या सीमेवरच्या गावाकडे निघते. तिथून मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. नदीपलीकडे केके पार्कसारख्या कुंपण घातलेल्या वसाहती. तिथे पासपोर्ट काढून घेतला जातो आणि दिवसरात्र लोकांना ऑनलाइन फसवायला बसवलं जातं. आपल्याला येणारे ‘डिजिटल अरेस्ट’चे आणि गुंतवणुकीचे कॉल यातल्याच काही इमारतींतून येतात. पलीकडे बोलणारा मुलगा स्वतःच कैदी असू शकतो.

मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाची विमानं माए सोतला पाठवून दोन दिवसांत ५४९ नागरिकांना परत आणलं. त्याच्या पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांची सुटका केल्याचं सांगितलं आणि पाच एजंटांना अटक केली. त्या प्रकरणातही सुरुवात सोशल मीडियावरच्या नोकरीच्या आमिषाने झाली होती.

इथे दोन वेळा सीमा ओलांडली जाते हे लक्षात घ्या. पहिली कायदेशीर, पर्यटक म्हणून. दुसरी नदीतून, कोणत्याही शिक्क्याशिवाय. म्यानमारच्या दृष्टीने तो मुलगा घुसखोर. थायलंडमध्ये पळून परत आला तर तिथेही बेकायदा. म्हणजे सुटका झाली तरी आधी चौकशी, ताब्यात राहणं आणि मग मायदेशी परतणं. काम करायचा व्हिसा नसणं ही नुसती कागदोपत्री त्रुटी नसते. त्यामुळे तुम्ही पोलिसांकडे जायला घाबरता आणि तुम्हाला कोंडणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

निकाराग्वाला निघालेलं विमान

‘व्हिसा फ्री’ किंवा ‘ऑन अरायव्हल’ देशाचा तिसरा उपयोग पुढे जाण्यासाठीची पायरी म्हणून होतो. २१ डिसेंबर २०२३ ला दुबईच्या बाजूने निकाराग्वाला निघालेलं एक विमान इंधनासाठी फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर उतरलं आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तिथेच अडवलं गेलं. आत ३०३ प्रवासी होते, बहुतेक भारतीय. मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशात नाताळ साजरा करायला इतके लोक एकदम का निघाले असतील, यावर फ्रेंच पोलिसांचा विश्वास बसला नाही. निकाराग्वात सहज प्रवेश मिळतो आणि तिथून मेक्सिकोमार्गे अमेरिकेची सीमा गाठता येते, हे त्यामागचं गणित. २६ डिसेंबरला ते विमान २७६ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. योगायोग म्हणजे शाहरुख खानचा ‘डंकी’ थिएटरमध्ये लागला तो दिवसही २१ डिसेंबरच.

वात्रीचं विमान अडलं म्हणून वाट बंद झाली नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला आलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते.

या प्रकारांची किंमत देशही वसूल करतात. सर्बियाने भारतीयांना दिलेला व्हिसाशिवाय प्रवेश १ जानेवारी २०२३ पासून बंद केला, कारण तिथे उतरून लोक युरोपीय संघात शिरतात अशी तक्रार संघाने लावून धरली होती. इराण हे त्याच मालिकेतलं पुढचं नाव. काही हजार लोकांनी चुकीच्या कामासाठी दार वापरलं की ते सगळ्यांसाठीच बंद होतं. यात देशांचा तरी किती दोष काढायचा? मला विचाराल तर दोष आधी त्या एजंटांचा आहे आणि नंतर त्यांच्यावर वर्षानुवर्षे न झालेल्या कारवाईचा.

‘व्हिझिटवर जा, तिथे बदलून घेऊ’

हे वाक्य रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत आखातात माणसं गेलेल्या घरांना नवीन नाही. दुबईचा व्हिझिट व्हिसा लवकर निघतो. वर्क व्हिसासाठी कंपनीने तिथल्या कामगार मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते, मग मेडिकल, मग करार, मग ओळखपत्र. त्यामुळे एजंट म्हणतो की आधी जा, काम बघ, आवडलं तर तिथेच व्हिसा बदलू.

संयुक्त अरब अमिरातीत व्हिझिटवर गेलेल्याला नोकरी शोधायला मनाई नाही, त्यासाठी वेगळा व्हिसाही आहे. पण परवानगी हातात येण्याआधी कामाला लागणं हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला कायदा बदलला आणि परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला होणारा दंड १ लाख ते १० लाख दिरहम इतका वाढवला गेला. कामगाराचं काय होतं? व्हिसाची मुदत संपल्यावर दर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. महिना उलटला की दीड हजार दिरहम. पगार मिळाला नाही म्हणून तक्रार करायची तर पहिला प्रश्न येतो तुमच्या परवान्याचा. त्यामुळे कित्येक जण गप्प बसतात.

याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’. नाव ऐकून वाटेल की फुकट असेल किंवा कुठेही काम करायची मोकळीक असेल. प्रत्यक्षात असा कुठलाही व्हिसा आखाती देशांच्या कायद्यात नाही. एखादा तिथला मालक कागदावर तुमचा प्रायोजक होतो, त्याचे पैसे घेतो आणि तुम्ही बाहेर मिळेल ते काम करता. कागदावर तुम्ही त्याच्या घरचे ड्रायव्हर, प्रत्यक्षात कुणाच्या तरी साइटवर सुतारकाम. मालकाने दरवर्षी जास्त पैसे मागितले आणि तुम्ही दिले नाहीत, तर सौदीत तो ‘हुरूब’ लावू शकतो, म्हणजे कामगार पळून गेला अशी नोंद करू शकतो. मग तुम्ही रातोरात बेकायदा ठरता. ज्याला आझाद म्हणायचं, तो व्हिसा माणसाला सगळ्यात जास्त बांधून ठेवतो.

आपल्याकडे यावर उपाय म्हणून कायदा आहे. १९८३ चा स्थलांतर कायदा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ शेरा असतो आणि अशा व्यक्तीला ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं असेल तर सरकारी मंजुरी घ्यावी लागते. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया, थायलंड हे त्यातले काही. मंजुरी देणाऱ्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चं कार्यालय मुंबईतही आहे. मंजुरीसोबत १० लाखांचा विमा मिळतो, त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी अवघा २७५ रुपये.

पण या जाळ्याला दोन मोठी भोकं आहेत. पहिलं म्हणजे मंजुरी नोकरीसाठीच लागते, फिरायला जाणाऱ्याला नाही. म्हणून एजंट व्हिझिट व्हिसा काढतो. दुसरं जास्त गंभीर आहे. हा कायदा आखातात मजुरीला जाणारा, कमी शिकलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून केला गेला. केके पार्कला हवा असतो तो इंग्रजी टाइप करणारा, कॉम्प्युटर येणारा पदवीधर. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर शेरा नसतो, त्यामुळे त्याला कुणी अडवतच नाही. आणि त्या १८ देशांत म्यानमार नाही, कंबोडिया नाही, लाओस नाही, इराणही नाही. कायद्याचं लक्ष जिथे नाही, नेमक्या तिथेच नवीन सापळे लावले गेले.

योग्य व्हिसा असूनही

बरोबर प्रकारचा व्हिसा काढला म्हणजे सगळं निर्धास्त, असंही नाही. अमेरिकेचा एच-१बी घ्या. हा कामाचाच व्हिसा, कंपनी स्वतः अर्ज करते, वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आणि मंजूर होणाऱ्यांत सर्वाधिक भारतीय. १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली आणि दोन दिवसांत ती लागू झाली. सुट्टीवर भारतात आलेले लोक विमानतळाकडे धावले. आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही, हा खुलासा नंतर आला. हिंजवडीतल्या कंपनीचा माणूस असो की हैदराबादमधला, त्याचा व्हिसा मालकाला बांधलेला असतो. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला किंवा परतायला साधारण ६० दिवस मिळतात.

विद्यार्थ्यांसाठीच्या एफ व्हिसाला जून २०२५ पासून आणखी एक अट आली. अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं गेलं. डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ लाही ते लागू झालं. म्हणजे व्हिसा अधिकारी तुमच्या पोस्ट वाचतो. टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात ‘फिरायला’ आणि फेसबुकवर ‘जॉब मिळाला, निघालो’ असं असेल, तर नकार कुणी दिला हे शोधायला लांब जायला नको.

तारखांचा घोळही बऱ्याच जणांना नडतो. अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा सहसा १० वर्षांचा मिळतो, म्हणून १० वर्षं राहता येतं असं नव्हे. त्या १० वर्षांत तुम्ही दारापर्यंत जाऊ शकता. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने, आणि हवं तर तो परतही पाठवू शकतो. शेंगेन गटातल्या २९ देशांत कुठल्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवस राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहरा टिपणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पूर्वी पुसट शिक्क्यामुळे एखादा दिवस जास्त झालेला खपून जायचा, आता तो संगणक मोजतो.

एजंटला काय विचारायचं?

नोकरीसाठी माणसं पाठवणारा प्रत्येक एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव आणि परवाना क्रमांक शोधता येतो, तिथेच बेकायदा एजंटांचीही यादी आहे. नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. दोन-तीन लाख मागत असेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवता येईल.

मग व्हिसाची प्रत मागा आणि त्यावर प्रकार कोणता लिहिलाय ते वाचा. अरबीत असेल तर भाषांतर करून घ्या. हातात कामाचा करार आणि व्हिसावर ‘व्हिझिट’, अशी जोडी असेल तर विमानतळावर अधिकाऱ्याला काय सांगायचं हे एजंट पढवायला लागतो. ‘फिरायला चाललोय म्हण’ हे वाक्य कानावर पडलं की समजून जा. प्रवासात मधला देश कोणता, तिथे किती तास थांबायचंय आणि पुढच्या देशाचा व्हिसा आत्ता हातात आहे का, हेही विचारा. ‘तिकडे गेल्यावर मिळेल’ हे उत्तर तेहरानला उतरलेल्या त्या तिघांनाही मिळालं असेल.

परदेशात अडकलात किंवा घरातलं कुणी अडकलं, तर ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री क्रमांक भारतातून लागतो. आणि पासपोर्ट, व्हिसा, करार, एजंटचा नंबर आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट या सगळ्याचे फोटो निघण्याआधी घरी कुणाकडे तरी पाठवून ठेवा, कारण पहिल्याच दिवशी फोन काढून घेतला जातो.